पडलेल्या देवाला परत कोणी आणायचे?

‘ऐरोलीचा सूत्रधार’ अशी सही करणाऱ्या एका वाचकाचे पत्र आले आहे. ते थोडे आटोपशीर करून देते.

‘मी सव्वीस वर्षांचा आहे. आम्ही सहा मित्रमैत्रिणी दोन वर्षांपासून दर रविवारी दुपारी कोणाच्या तरी घरी जमून रोल-प्लेइंग गेम खेळतो. आजवर तयार छापील कथा खेळलो. आता मी स्वतः एक कथा रचली आहे: खाडीचा एक देव स्वर्गातून ढकलला गेला, त्याचे देऊळ चिखलात गाडले गेले आणि तीनशे वर्षांनी तो परत येऊ पाहतो आहे. मी त्यावर बेचाळीस पाने लिहिली. पहिल्या रविवारी पाऊण तास वाचून दाखवल्यावर दोघे जण मोबाइल पाहू लागले आणि एका मैत्रिणीने विचारले, “यात आम्ही काय करायचं?” एका मित्राला तो देवच खेळायचा आहे आणि बाकीच्यांना ते मान्य नाही. खाडीकाठच्या जुन्या गावात राहणारा आमचा एक मित्र, मी “बळी देणारे अडाणी गावकरी” असे वर्णन केल्यापासून गप्प आहे. आई म्हणते, देव पडला असे बोलू नये. मी हे सोडून द्यावे का? नसेल, तर ही कथा सगळ्यांची कशी करावी?’

प्रिय सूत्रधार,

सस्नेह नमस्कार. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण बाकी सारे त्यावर अवलंबून आहे. ही कथा सोडू नका. चिखलात गाडलेले देऊळ आणि परतीची वाट शोधणारा देव हे बीज अस्सल आहे, आणि रोज भरती-ओहोटी पाहणाऱ्या माणसाला ते सुचले आहे हे तुमच्या पत्रातूनही जाणवते. चूक एकच झाली आहे: तुम्ही देवाची कथा पार शेवटपर्यंत लिहून टाकलीत, त्यामुळे ज्यांना ती जगायची होती त्यांच्या वाट्याला फक्त ऐकणे उरले. ‘यात आम्ही काय करायचं?’ हा तुमच्या मैत्रिणीचा प्रश्न मनाला लावून घेऊ नका. तो एका कागदावर लिहून समोर ठेवा आणि यापुढे जे जे लिहाल ते त्या प्रश्नावर पारखून घ्या.

ज्या वाचकांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ अमेरिकेत १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तिथून हा प्रकार जगभर पसरला. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग मांडतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात, आपले पात्र काय करते ते ठरवतात आणि जिथे निकाल सांगता येत नाही तिथे फासे टाकतात. कोकणातल्या माणसाला हे परके वाटण्याचे कारण नाही. दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. त्या रात्री कोणते आख्यान लावायचे आणि कोणी कोणते पात्र घ्यायचे एवढे ठरते, मग पेटी, पखवाज आणि झांजेच्या साथीवर राजा, राक्षस, नारद उभे राहतात आणि संवाद जागच्या जागी सुचत जातात. समोरच्याने अनपेक्षित शब्द टाकला की दुसऱ्याला तो झेलावाच लागतो, आणि सगळी रंगत त्या झेलण्यात असते. तुम्ही मात्र त्या रविवारी सगळ्यांचे संवाद एकट्याने पाठ करून आला होतात.

माझ्याच घरातला एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी नौपाड्यातल्या आमच्या घरी, पावसाळ्यातल्या एका शनिवारी, मी अशीच एक कथा चालवत होते. पदावरून उतरलेला देव म्हातारा होऊन धक्क्यावर फाटके जाळे सांधत बसला आहे, असा प्रवेश मी योजला होता. खेळाडू त्याला ‘तू कोण आहेस?’ असे विचारतील आणि मग तो आपल्या पतनाची हकीकत सांगेल, याची मला इतकी खात्री होती की ती हकीकत दोन पाने लिहून तयार होती. नावाड्याचे पात्र करणारी मुलगी मात्र बराच वेळ काही बोलली नाही. तिने मला एवढेच विचारले की त्याच्या हातून गाठ नीट बसते आहे का. मी म्हटले, नाही, बोटे थरथरतात आणि गाठ सुटते. तेव्हा तिचा नावाडी म्हाताऱ्याच्या शेजारी बसला, त्याने जाळ्याचे दुसरे टोक धरले आणि विचारले, ‘बाबा, जेवलात का?’ खोलीत कोणी काही बोलेना. माझ्या दोन पानांत या प्रश्नाचे उत्तर नव्हते. या देवाला शेवटचा नैवेद्य कधी दाखवला गेला, ताट वाढायचे कोणी थांबवले आणि का, यांतले काहीच मी ठरवले नव्हते. पुढचे चार शनिवार आम्ही त्या एका प्रश्नाच्या मागे गेलो आणि ती दोन पाने मी कधीच वाचली नाहीत.

म्हणून तुमच्या बेचाळीस पानांपैकी देवांची वंशावळ, स्वर्गातले राजकारण, शापाचे नेमके शब्द हे सारे सध्या बाजूला ठेवा. ते वाया जाणार नाही. कोणी विचारले तर कामी येईल. त्याऐवजी देव नसताना लोक कसे जगले ते ठरवा, कारण देवाची जागा रिकामी झाली म्हणून तीनशे वर्षे कोणी हातावर हात धरून बसत नाही. तुमच्याच खाडीतले एक उदाहरण सुचवते. समजा, देव पडला तेव्हा पाणी मागे हटले आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणालाच ते काठापर्यंत पोहोचू लागले. उघड्या पडलेल्या जमिनीवर लोकांनी बांध घातले, वाफे पाडले, उधाणाचे पाणी आत घेऊन उन्हात आटवले आणि मीठ पिकवले. कित्येक पिढ्या त्या मिठावर जगल्या; त्यावर लग्ने लागली, कर्जे फिटली, बांधावरून भाऊबंदकीही झाली. आता देव परत आला तर पाणी परत येईल आणि मिठागरे बुडतील. देव आला नाही तर मासळी आणखी दूर जाईल आणि पाण्याच्या मागे मागे सरकत आलेल्या कोळीवाड्याला पुन्हा एकदा घरे मोडून पुढे जावे लागेल.

एवढे ठरले की तुमच्या मैत्रिणीला उत्तर मिळते. तिचे पात्र मिठागरावर राबणाऱ्या घरातले असेल, दुसऱ्याचे होडी विकायला काढलेल्या कोळ्याचे, तिसरे देवळाच्या शेवटच्या पुजाऱ्याच्या वंशातले, ज्याच्या घरी कसली ते कोणालाच आठवत नाही अशी एक किल्ली आहे. प्रत्येकाने आपल्या पात्राविषयी दोन गोष्टी स्वतः सांगाव्यात: देव आला तर माझे काय जाईल आणि देव आला नाही तर माझे काय जाईल. ही उत्तरे तुम्ही लिहून देऊ नका. खेळाडूंनी दिलेल्या उत्तरांतूनच पुढचे पाच-सहा रविवार उभे राहतील, आणि ते तुमच्या बेचाळीस पानांपेक्षा भक्कम असतील, कारण आपण स्वतः पणाला लावलेली गोष्ट कोणी मोबाइल पाहत बसून हरत नाही.

आता तुमच्या गप्प झालेल्या मित्राविषयी. हे काम बाकी सगळ्याच्या आधी करायचे आहे, पुढच्या रविवारची वाट न पाहता, आणि ग्रुपवर मेसेज टाकून नव्हे, तर त्याच्याबरोबर चहाला बसून. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापना १९७० मध्ये झाली आणि तुमची ऐरोली ज्यात येते ते हे शहर उभारण्यासाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. आज जिथे सेक्टरचे क्रमांक आहेत तिथे त्याच्या आजी-आजोबांनी शेती किंवा मीठ पिकवले असण्याची पुष्कळ शक्यता आहे. इथल्या आगरी समाजाचे नावसुद्धा मिठाच्या आगराशी जोडले जाते. अशा घरातल्या माणसासमोर खाडीकाठचे गावकरी अडाणी आणि बळी देणारे म्हणून रंगवले, तर त्याला त्यात आपली गावदेवी आणि आपली माणसे दिसणारच. ‘मी ते चुकीचं लिहिलं, मला वाईट वाटतंय, ते मी काढून टाकलं आहे’, एवढे सरळ सांगा. हेतू तसा नव्हता वगैरे समजावत बसू नका. त्याला हवे असेल तर मिठागरे, बांध, होड्या आणि गावाच्या चालीरीती या सगळ्यांवर त्याचा शब्द अखेरचा मानायचा असे टेबलावर ठरवा. मात्र त्याने गावाविषयी माहिती पुरवत बसावे अशी अपेक्षा धरू नका. त्याला एखादे दूरदेशीचे, खाडीशी काहीही संबंध नसलेले पात्र घ्यावेसे वाटले, तर तेही आनंदाने मान्य करा.

याच निमित्ताने सगळ्यांशीच एक बैठक खेळाशिवाय घ्या. खेळणारे तिला सेशन झिरो म्हणतात आणि माझ्या मते देवाच्या विषयाला तिच्याशिवाय हात घालू नये. नवस, बळी, अंगात येणे, सोवळे-ओवळे यांतली एखादी गोष्ट कोणाच्या घरी श्रद्धेची असते, कोणाच्या घरी दुखरी असते, आणि दोन वर्षे एकत्र खेळूनही आपल्याला ते ठाऊक नसते. काय अजिबात नको आणि काय नुसते सूचित करून पुढे जायचे, हे प्रत्येकाकडून विचारून घ्या. जॉन स्टॅव्ह्रोपोलोस यांनी सुचवलेले एक्स-कार्डही मधोमध ठेवा: एका कोऱ्या कार्डावर फुली काढायची, ज्याला प्रसंग नकोसा होईल त्याने त्यावर बोट ठेवायचे, आणि बाकीच्यांनी कारण न विचारता तो प्रसंग बदलायचा. ते कार्ड त्या पहिल्या रविवारी टेबलावर असते, तर तुमच्या मित्राला इतके दिवस गप्प बसावे लागले नसते.

आईंच्या म्हणण्याकडेही दुर्लक्ष करू नका. कोणी पूजत असलेला देव कथेत घेणार नाही, देव आणि देऊळ दोन्ही कल्पनेतले असतील, हे त्यांना आपणहून सांगा आणि ते पाळा. मग त्यांच्याशी आपल्याच पुराणांविषयी बोला, कारण वरून खाली येणे आणि पुन्हा वर जाणे या गोष्टींनी ती भरलेली आहेत. वैकुंठाचे द्वारपाल जय-विजय शापाने तीन जन्म देवाचे वैरी होऊन जगले आणि मग परत गेले. इंद्रपदावर बसलेला नहुष माजला, अगस्त्यांच्या शापाने अजगर झाला, आणि युधिष्ठिराने त्याच्या प्रश्नांची उत्तरे दिली तेव्हा सुटला. मला स्वतःला तुमच्या कथेला सगळ्यांत जवळचा वाटतो तो ययाती. तो राजा होता, देव नव्हता, पण महाभारतातली ही कथा तुमच्या खेळाला फार उपयोगी आहे. आपल्या तोडीचे तप कोणाचेच नाही असे तो स्वर्गात बोलून गेला आणि त्याचे पुण्य सरले. पडताना त्याने एवढेच मागितले की मला सज्जनांमध्ये पडू दे. तो पडला तिथे त्याचेच नातू यज्ञ करत होते. अष्टक, प्रतर्दन, वसुमना आणि शिबी या चौघांनी आपापले पुण्य त्याला देऊ केले, पण दान घेण्याची सवय नसलेल्या त्या राजाला ते चटकन घेववेना. परत जाणे एकट्या ययातीच्या हाती नव्हते. चौघांनी आपल्या गाठीचे काही द्यायला तयार व्हावे लागले आणि त्यालाही घ्यायला तयार व्हावे लागले. तुमच्या टेबलावर पाच खेळाडू आहेत. त्यांच्या पात्रांनी गाठीचे काय द्यायचे आणि तुमच्या देवाला ते घेणे का जड जाते, या दोन प्रश्नांत तुमचा अर्धा खेळ आहे.

बळीराजाचीही आठवण ठेवा. त्याला पाताळात घातले गेले, आणि तरी आपल्याकडे दिवाळीला ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे म्हणत लोक त्याची वाट पाहतात. पडला हे कोणी म्हणायचे, वरच्यांनी की खालच्यांनी, हा प्रश्न तुमच्या कोळीवाड्यात आणि मिठागरात वेगवेगळ्या तऱ्हेने विचारला जाऊ द्या.

जमल्यास एका रविवारी खेळ न मांडता सहाही जण अंबरनाथला जाऊन या; ठाण्याला गाडी बदलली की फार वेळ लागत नाही. तिथले शिवालय शिलाहारांच्या काळातले असून त्यातला शिलालेख १०६० सालचा आहे. गाभारा मंडपाच्या पातळीपेक्षा बराच खाली आहे, पायऱ्या उतरून जावे लागते आणि आत उभे राहिल्यावर डोक्यावर आकाश दिसते. पूजेत असलेले देऊळ आहे, तेव्हा दर्शनाला जाणाऱ्या माणसासारखेच जा. त्या पायऱ्या उतरताना पायाखालचा दगड आणि अंगावर येणारा गारवा लक्षात ठेवा. चिखलातल्या देवळाचे वर्णन करताना तुम्हाला मग दोन ओळी पुरतील.

देव कोणी खेळायचा हा तंटा मला वाटतो तितका कठीण नाही. एका खेळाडूच्या हाती सगळा देव दिला, तर बाकीचे चौघे त्याचे भालदार-चोपदार होतात. तुमच्या हाती ठेवला, तर पाऊण तासाच्या वाचनाचा मोह पुन्हा होतो. तेव्हा देव वाटून द्या. पडताना तो फुटला असे माना: एका खेळाडूकडे त्याची वाचा, दुसऱ्याकडे राग, तिसऱ्याकडे आठवण, चौथ्याकडे हात, पाचव्याकडे भूक. ज्या प्रवेशात देवाचा राग बोलायचा असेल तिथे राग सांभाळणारा आपले पात्र बाजूला ठेवून देवाच्या वतीने बोलेल, आणि आठवण मात्र दुसऱ्याकडे असल्यामुळे त्या रागाला कारण सापडणार नाही. ज्या मित्राला देव व्हायचे आहे त्याला निवड पहिली करू द्या. त्याची हौस खरी आहे, ती दाबू नका. माझा अंदाज आहे की तो राग मागेल. त्याला भूक घेऊन पाहा असे सुचवायला हरकत नाही, कारण अभिनयाला तिच्यात जागा जास्त आहे. पण आग्रह करू नका.

नियमांचे फार ओझे घेऊ नका. ल्युडोचे दोन साधे फासे या कथेला वीस बाजूंच्या फाशापेक्षा अधिक शोभतील. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी १५ मध्ये बेरीज सहा किंवा त्याहून कमी येते, १५ मध्ये सात ते नऊ आणि फक्त सहांमध्ये दहा किंवा त्याहून जास्त. सहापर्यंत अपयश, दहापासून पूर्ण यश आणि मधल्या बेरजेला ‘जमले, पण काहीतरी मोजावे लागले’ असा निकाल ठेवा. पात्र त्या कामात मुरलेले असेल तर बेरजेत एक मिळवा. मग ३६ पैकी १० वेळा अपयश येते, १० वेळा पूर्ण यश आणि १६ वेळा मधला निकाल. हा मधला निकालच तुमच्या कथेचा प्राण आहे. कागदावर दोन वर्तुळे काढा, प्रत्येकाचे सहा भाग करा, एकावर ‘देव’ लिहा आणि दुसऱ्यावर ‘बांध’. देव जवळ येईल असे काही घडले की पहिल्यातला एक भाग पेन्सिलीने भरा. सात ते नऊ आले की दुसऱ्यातला. बांधाचे वर्तुळ भरले की पाणी मिठागरात शिरले. ही दोन वर्तुळे सगळ्यांना दिसतील अशी ठेवा, झाकू नका. चौथा भाग भरताना पेन्सिलीचा आवाज ऐकून खेळाडू कसे सावरून बसतात ते तुम्हीच पाहाल.

रविवारची सुरुवात दहा मिनिटांहून जास्त बोलू नका, आणि ते बोलणेही वाचून दाखवू नका. पहिल्या प्रवेशासाठी उधाणाची रात्र घ्या: वाफ्यांत पाणी घेताना मिठागराच्या कडेला चिखलातून दगडी कळसाचे टोक वर आले आहे, त्यावर कोणीतरी ताजे फूल ठेवले आहे, आणि गावात कोणीही ते आपण ठेवल्याचे कबूल करत नाही. फूल कोणी ठेवले हे तुम्हीही ठरवू नका. इथे थांबा आणि विचारा, ‘तुम्ही काय करता?’

शेवटही आधी ठरवू नका. पाच जणांनी मिळून देवाला परत आणायचे नाही असे ठरवले, मिठागरे वाचवली आणि त्याला काठावरच एक झोपडी बांधून दिली, तर तोही या कथेचा खरा शेवट असेल, तुम्हाला तो कितीही अनपेक्षित वाटला तरी. फक्त एक गोष्ट आतापासून राखून ठेवा. तुमच्या पानांत देवाला नाव असेलच, ते खोडा. तीनशे वर्षांत ते नाव कोणाच्याही तोंडी राहिलेले नाही असे माना आणि देवाच्या वर्तुळाचा सहावा भाग फक्त त्या नावासाठी ठेवा. पाच भाग भरतील त्या रविवारी देव पाण्यात कमरेएवढा उभा असेल, बांधावर माती खचत असेल आणि टेबलावरचे सगळे जण तुमच्याकडे पाहतील. त्या वेळी पेन्सिल वर्तुळाशेजारी ठेवा आणि काही बोलू नका. नाव द्यायचे असेल तर त्यांच्यापैकी कोणीतरी ती उचलेल.